एका चिठ्ठीत एकच मुद्दा

सोमवारी दुपारी तुझ्या छातीत दुखायला लागलं. तुझ्या भावाने तुला जीपमध्ये घालून नांदेडला न्यायला काढलं. बाळापूरच्या पुढे, वाटेतच तू गेलीस. मला मंगळवारी सकाळी शाळेच्या फोनवर कळलं. पहिला तास संपला होता. दुसरा मी घेतला.

आज अठरा दिवस झाले, विशाखा. लोक विचारतात, रडलीस का. रडले. पण रडून झाल्यावर जे उरतं ते दुःखासारखं लागत नाही. मला चीड आली आहे. थोडी तुझ्यावर, जास्त माझ्यावर. त्याआधीच्या शनिवारी औंढ्याच्या स्टँडवर तू मला म्हणालीस, "शैला, दोन गोष्टी सांगायच्यात तुला." एक सांगितलीस. दुसरी राहिली, कारण मी बोलत सुटले आणि बस लागली. दुसऱ्या उत्तराच्या बाबतीत असा गाफीलपणा चालणार नाही, याच एका मुद्द्यावर मी तुझ्याशी सहा वर्षं भांडले. आणि तेच मी केलं.

परवा मायने मला विचारलं. तुझी माय, जिला मीही वीस वर्षं मायच म्हणते. ती भिंतीला टेकून बसली होती. समोर तुझे छापलेले कागद होते, कडेला भोकं असलेले, सलग, घडी उलगडली तर अंगणापर्यंत जातील असे. म्हणाली, "शैला, तुमी दोघी इतकी वर्सं काय करून राहिल्या व्हत्या गं? ह्या कागदावर तर नुसत्या फुटक्या बांगड्या दिसून राहिल्यात."

ते कंस होते. लिस्पमध्ये कंसांशिवाय दुसरं असतं काय! मी तिला सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, माय, लिस्प ही संगणकाशी बोलायची एक जुनी भाषा. ती भाषा संगणकाला कळावी म्हणून मधे कुणीतरी लागतं. ते दोन तऱ्हेचं असतं. समज, परगावाहून उर्दूत पत्र आलं. एक माणूस एकेक ओळ वाचून तिथल्या तिथे तुला मराठीत सांगतो. तो इंटरप्रिटर. दुसरा माणूस सगळं पत्र आधी मराठीत लिहून काढतो आणि मग तू ते हवं तितक्या वेळा भराभर वाचतेस. तो कंपायलर. पहिला मी लिहिला. दुसरा विशाखाने. अट एकच होती, दोघांच्या तोंडून पत्रातला मजकूर सारखाच यायला पाहिजे.

"मग आला का सारखा?" मायने विचारलं.

हा प्रश्न तुझ्या एकाही विद्यार्थ्याने इतका नेमका विचारला नसता.

नांदेडला शिकताना आपल्या सरांनी त्या भाषेवरच्या एका पुस्तकाच्या झेरॉक्स पानांचा गठ्ठा आपल्याला दिला होता. मधली काही पानं उलटी शिवलेली. तू परत आलीस ती हिंगोलीच्या तंत्रनिकेतनात शिकवायला, मी औंढ्याच्या शाळेत गणिताची बाई म्हणून. हिंगोली तेव्हा तालुकाच होती, जिल्हा परभणी. तुझ्या लॅबमध्ये आठ संगणक होते, त्यांतले पाच चालायचे. माझ्या शाळेत एक होता आणि त्यावर हेडसरांनी बायकोने विणलेला रुमाल घातला होता. रुमाल काढायला अर्ज करावा लागला. तू म्हणालीस, "आपण आपली लिस्प करू. चुका मराठीत सांगणारी. पोरांना इंग्रजी वाचून घाम फुटतो." म्हणून आपल्या लिस्पमध्ये कंस विसरला की पडद्यावर रोमन अक्षरांत यायचं, 'कंस कमी आहे'. तुझ्या लॅबमधल्या पोरांनी ते इतकं उचललं की एखादा वेड्यासारखा वागला की म्हणायचे, "जाऊ दे रे, त्याचा कंस कमी आहे."

आणि आपल्या मधे होता डबा.

तू हिंगोलीत खोली घेऊन राहायचीस आणि माय औंढ्याहून तुला सकाळच्या पहिल्या एसटीने डबा पाठवायची. कॉलेजातल्या पोरांचे डबे जातात तसा. तू नोकरीला लागलीस, गॅस घेतलास, पस्तिशी ओलांडलीस, तरी डबा थांबला नाही. "खानावळीचं खाऊन माणूस मरतं," मायचं म्हणणं. स्टँड माझ्या वाटेवर, म्हणून डबा कंडक्टरच्या हाती द्यायचं काम माझं. पिशवीत डबा, डब्याच्या झाकणावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फ्लॉपी आणि एक चिठ्ठी. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा, तीच फ्लॉपी आणि तुझी चिठ्ठी परत. एक कंडक्टर म्हणायचा, "बाई, ह्या डब्याला आता पास काढून द्या, रोजचा प्रवासी हाये." एकदा वरण सांडलं आणि फ्लॉपी हळदीने पिवळी झाली. तू ती पुसून, वाळवून लावलीस आणि ती चालली. त्यानंतर महत्त्वाचं सगळं आपण त्या पिवळ्या फ्लॉपीवरच ठेवलं, जणू तिची परीक्षा झाली होती.

नियम दोन होते आणि दोन्ही तू केलेले. पहिला, फ्लॉपी ज्याच्याकडे, बदल त्याचा. दुसऱ्याने तोवर काही बदलायचं नाही, फक्त कागदावर लिहायचं. दुसरा नियम, एका चिठ्ठीत एकच मुद्दा. तुझं म्हणणं, दोन मुद्दे लिहिले की माणूस सोप्याचं उत्तर देतो आणि अवघड मुद्दा गिळतो. "तू तर हमखास गिळशील, मास्तरीणबाई," असंही लिहिलं होतंस. मला ते पटलं होतं. माझ्या दुसऱ्या मुद्द्यांसाठी मी वेगळी वही केली. उद्याचा मुद्दा, परवाचा मुद्दा, असे ते रांगेत उभे राहायचे.

दोन उत्तरांचा प्रश्न मी काढला. मायला मी तो भाकरीवर सांगितला. सतरा भाकरी पाच जणांत वाटल्या, तर प्रत्येकी तीन आणि उरल्या दोन. वाटणी एकदाच केली, पण उत्तरं दोन निघाली. आपल्या लिस्पमध्ये एका कामाचं एकच उत्तर परत येई. उरलेल्या भाकरी हव्या असतील तर पुन्हा पहिल्यापासून वाटायला बसा. मी लिहिलं, कामाने दोन उत्तरं द्यावीत. तू लिहिलंस, दोघांचं गाठोडं बांधून दे की. मी लिहिलं, मग ज्याला एकच हवं त्यालाही गाठोडं सोडावं लागणार, आणि दर वेळी बांधायचा खर्च वेगळाच. आठ दिवसांनी तू मान्य केलंस. चिठ्ठीवर फक्त 'बरं' होतं.

मग आपण ठरवलं ते असं. पहिलं उत्तर नेहमीच्या वाटेने जाईल. बाकीची एका ठरलेल्या जागी ठेवायची, आणि तिथेच किती उत्तरं आली तो आकडाही. त्या जागेला आपण कोनाडा म्हणायचो. ज्याला एकच उत्तर हवं त्याने कोनाड्याकडे बघायचंही नाही. ज्याला दोन हवीत त्याने आधी आकडा बघायचा, मग हात घालायचा. हे इथवर छान होतं. अजूनही मला ते छान वाटतं.

भांडण पुढे झालं. कोनाडा पुसायचा कुणी? माझ्या इंटरप्रिटरमध्ये प्रत्येक काम संपताना आकडा लिहायचं. एक उत्तर दिलं तर 'एक'. तू म्हणालीस, शंभरातल्या नव्व्याण्णव कामांना एकच उत्तर असतं, त्या नव्व्याण्णवांनी दर वेळी आकडा का लिहायचा? माझी मशीन म्हातारी आहे, तिच्या पायात आणखी एक धोंडा कशाला? म्हणून तुझ्या कंपायलरमध्ये ज्यांना दोन उत्तरं द्यायची तीच कामं आकडा लिहायची. बाकीची कोनाड्याला हात लावत नसत. मी लिहिलं, मग एक देणाऱ्याकडे कुणी दोन मागितली तर कोनाड्यात आधीच्या कुणाचं तरी शिळं उत्तर सापडेल आणि ते ताजं समजून घेतलं जाईल. तुझं उत्तर मला पाठ आहे. 'ज्याच्याकडं एकच हाये त्याला दोन मागायची काहून?'

मी लिहिलं, बाहेरून कळत नाही कुणाकडे किती आहेत. तू लिहिलंस, मग विचारून घे. मी लिहिलं, हा काय नियम झाला? दुसऱ्या दिवशी चिठ्ठीत काहीच नव्हतं, कोरा कागद. त्या सबंध महिन्यात मी वर्गात पोरांवर ओरडले असेन, मला वाटतं.

मायने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इतकुशा गोष्टीसाठी?"

इतकुशा गोष्टीसाठी, माय.

आता ते सांगते जे तुला कधी सांगितलं नाही. तुला सांगायचं म्हणून लिहिते आहे. आता त्याचा काय उपयोग, हे मला समजतं.

सिद्धेश्वरच्या कालव्यावरची आमच्या गावची पाणी कमिटी. बापू अध्यक्ष होते, माझ्या वडिलांच्या बैठकीतले. त्यांनी मला शाळेत येऊन विचारलं, "बाई, पाळीचा तक्ता तुमच्या मशीनवर होईल का? दर साली हाताने करतो आन् दर साली भांडणं व्हतात." कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, त्याचा तक्ता. दोन उत्तरांसाठी याहून चांगलं काम कुठे मिळणार होतं? क्षेत्र सांगितलं की तास आणि मिनिटं, दोन्ही एकदम परत. मी आनंदाने प्रोग्राम लिहिला. विहीर असलेल्या काही शेतांना कमिटीने सरसकट चार तास ठरवले होते. त्यांच्यासाठी वेगळं काम लिहिलं, ते एकच उत्तर द्यायचं, चार. मिनिटांचा तिथे प्रश्नच नव्हता.

माझ्या मशीनवर तक्ता बरोबर आला. पण शाळेत प्रिंटर नव्हता. छपाई तुझ्या लॅबमध्ये, आणि तिथे प्रोग्राम चालायचा तुझ्या कंपायलरवर.

फ्लॉपी डब्यावर ठेवताना माझ्या लक्षात आलं होतं, विशाखा. मी प्रत्येक शेताला दोन उत्तरं मागते आहे, चार तासवाल्यांनाही. माझ्याकडे कोनाडा पुसला जातो. तुझ्याकडे नाही. मी स्टँडवर उभी होते, कंडक्टर घंटी मारत होता, माझ्या हातात चिठ्ठी होती आणि तिच्यावर एक मुद्दा लिहून झाला होता, 'पाच प्रती काढ, उद्या हव्यात.' त्याखाली जागा होती. पेनही होतं. आपला नियम होता, एका चिठ्ठीत एकच मुद्दा. दुसरा मी वहीत टिपला, उद्यासाठी. खरं सांगू? नियम मला सोयीचा पडला. तुझ्या कागदावर तुझी चूक छापून आलेली बघायची मला थोडी हौस होती. फार नाही. पण होती. पाच प्रती आल्या की मी आधी त्या तपासीन, तुला दाखवीन आणि मग दुरुस्त करू, असं मी मनाशी म्हटलं होतं.

संध्याकाळी डबा आला तेव्हा बापू स्टँडवरच उभे होते. "झाला का तक्ता?" म्हणून त्यांनी पिशवीतून गुंडाळी काढून घेतली. मी घेऊ दिली. वीज गेलेली, घरी पाहुणे आलेले, उद्या बघू म्हटलं.

चार तासवाल्या प्रत्येक शेतापुढे त्याच्या वरच्या ओळीतली मिनिटं छापली गेली होती. वरच्याला सहा तास चाळीस, तर खालच्याला चार तास चाळीस. अशी ती मिनिटं साठत साठत गेली, आणि शेवटच्या शेताची पाळी कालव्याचं गेट बंद झाल्यावर सुरू होत होती. ज्याचं ते शेत, त्याने ते पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या दिवशी मला कमिटीत बोलावलं. बापूंनी कागद समोर ठेवला, बोट ठेवलं. "बाई, ही मिनिटं कुठून आली?"

मी म्हणाले, "तो भाग विशाखाचा आहे."

खोटं नव्हतं. कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "तरीच म्हटलं." आणखी दोघं हसले. आवाज न करता, मिशीत. 'तरीच'मध्ये काय होतं ते त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं. तुझ्या घराकडे जायची वाट गावाबाहेरच्या कोणत्या वस्तीत जाते, हे त्या सगळ्यांना माहीत होतं. मी खाली बघितलं. मी कागदाची घडी घातली आणि दुरुस्त करून आणते म्हणाले. तुझा कंपायलर मला अजून कळतही नाही इतका चांगला आहे, असं म्हणता आलं असतं. चूक माझी आहे, मला ती कालच दिसली होती, असं तर म्हणायलाच हवं होतं.

त्या दिवशीच्या चिठ्ठीत मी लिहिलं, 'चार तासवाल्या शेतांपुढे शिळी मिनिटं आली.' एक मुद्दा.

तुझं उत्तर आलं, 'बरोबर. माझंच.'

दोन शब्द. मग पाच महिने पिशवीत चिठ्ठी नव्हती. डबा जात होता, येत होता. मी माझ्याकडून फ्लॉपी ठेवत होते, ती तशीच परत येत होती, न उघडलेली. तुला कुणी सांगितलं असेल का, ते 'तरीच'? औंढ्यात कुठली गोष्ट लपते? तुझा भाऊ त्याच कालव्याच्या ऑफिसात रोजंदारीवर होता. की कुणी सांगितलंच नाही, आणि तू नुसतीच आपल्या चुकीवर रुसून बसली होतीस, कारण तुला स्वतःची चूक कधीच सोसली नाही? मला यातलं काहीच माहीत नाही. मी विचारलं नाही. माझ्या वहीत तो मुद्दा त्या दिवसापासून रांगेत उभा आहे.

सहाव्या महिन्यात एक चिठ्ठी आली. 'तुझ्या वाचणाऱ्या भागात ओळ संपायच्या आत शेरा आला तर कंस कमी पडतो. बघ.' जणू मधे काही झालंच नव्हतं. मी त्या चिठ्ठीने इतकी सुखावले की चूक दुरुस्त करायला चार दिवस लागले. त्याबद्दल तू मला 'गोगलगाय' म्हणालीस. पण कोनाडा कुणी पुसायचा यावर तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मी दर महिन्या-दोन महिन्यांनी टोचायची. तू दुसराच मुद्दा काढायचीस. जिल्हा झाला, लॅबमध्ये नवे संगणक आले, एका सूचनेचा भार त्यांना जाणवलाही नसता. तरी नाही. तुझ्या कंपायलरमध्ये एक शेरा नाही, मशीन वगळते आणि माणूस वाचतो अशी एक टीप नाही, एक ओळ समजावून सांगितलेली नाही. मी म्हणायची, माणसाने वाचावं कसं? तू म्हणायचीस, "माणसासाठी न्हाईच ते, मशीनसाठी हाये." तू गेल्यावर हे वाक्य मला किती महागात पडणार होतं, ते तेव्हा कळलं असतं तर तुझ्या दारात बसून शेरे लिहून घेतले असते.

मग तो शनिवार. तू मायला भेटायला आली होतीस, परतीची गाडी पकडायला स्टँडवर आलीस. नागनाथाच्या दर्शनाला आलेल्यांची गर्दी होती, बाकड्यावर जागा नव्हती. आपण रसवंतीच्या सावलीला उभ्या राहिलो. तू दमलेली दिसत होतीस. मी उन्हामुळे असेल म्हटलं.

"शैला, दोन गोष्टी सांगायच्यात तुला."

"एका चिठ्ठीत एकच मुद्दा," मी म्हणाले.

तू हसलीस. "ही चिठ्ठी न्हाई. ऐक. तुझंच बराबर व्हतं. कोनाडा दर वेळी पुसायलाच पाहिजे. मी लागलेय करायला."

सहा वर्षं मी हे ऐकायची वाट बघत होते, आणि ऐकल्यावर काय केलं? मी सुरू झाले. पहिल्या दिवसापासून मी हेच सांगत होते, म्हटलं. तुझी ती मशीन म्हातारी वगैरे, ते कारणच नव्हतं, हट्ट होता, म्हटलं. अमुक चिठ्ठी आठवते का, तमुक चिठ्ठी आठवते का. तू ऐकत होतीस. एकदा म्हणालीस, "व्हय गं बाई, व्हय." हिंगोली गाडी लागली. तू चढलीस, खिडकीशी बसलीस, काहीतरी बोलायला तोंड उघडलंस आणि मी खालून म्हणाले, "आणि ते शेऱ्यांचंही माझंच बरोबर आहे!" गाडी निघाली.

शेवटी तुझ्याशी बोलले ते हे.

तुझ्यासाठी विहारात झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर मी बापूंकडे गेले. ठरवून गेले, वाक्यं जुळवून. ते ओसरीत हळकुंडं निवडत होते. मी म्हटलं, बापू, त्या पाळीच्या तक्त्यात चूक विशाखाची नव्हती, माझी होती. मला आधीच दिसली होती.

"कोणता तक्ता?"

सांगितलं.

"अगं, ते व्हय! ते तर मशीननं केलं व्हतं. मशीनचं काय, चुकतीच. दुसरा दिला न तुमी हाताने बराबर करून." मग आत आवाज दिला, "च्या टाका गं, बाई आल्यात."

मी म्हटलं, तेव्हा कमिटीत कुणीतरी काही बोललं होतं. "कोण? काय?" बापूंना खरंच आठवत नव्हतं. जो बोलला होता तो मागच्या साली पुण्याला मुलाकडे राहायला गेला. मी चहा घेतला. त्यांनी हळदीच्या भावाचं सांगितलं, मी ऐकलं. माझी चूक घ्यायला त्या ओसरीत कुणी नव्हतं. तीच चूक तू दोन शब्दांत घेतली होतीस, आणि मी ती तुझ्याकडे तशीच राहू दिली.

तिथून मायकडे गेले. तिला विचारलं, माय, त्या शनिवारी ती मला काहीतरी सांगणार होती. तुला काही बोलली होती का? दोन गोष्टी म्हणाली होती. एक कळली.

मायने जरा आठवून बघितलं. "दुसरी काय असणार? डबा. तुझ्याकडं एक डबा राहिलाय न, झाकणाला पोचा पडलेला? सारखी म्हणायची, शैलाकडून डबा आणायचा राहून राहिला. तिची दुसरी गोष्ट नेहमी डबाच असायची बघ."

मी हसले. मग मला हसू आवरेना, आणि माय माझ्याकडे बघत राहिली. असेलही डबाच. डबा खरंच माझ्याकडे आहे. मी निघाले तेव्हा माय दारापर्यंत आली आणि म्हणाली, "त्या कालव्याच्या लोकांचं मनावर घेऊ नको. तिनं न्हाई घेतलं." मी चप्पल घालत होते. एक पाय बाहेर होता. "तिला माहीत होतं?" मी विचारलं. माय म्हणाली, "पोरी, आमाला सगळंच माहीत असतंय." आणि आत गेली.

माहीत होतं म्हणजे किती माहीत होतं? ते बोलले, एवढंच? की मी गप्प बसले, हेही? आणि ती रिकामी जागा असलेली चिठ्ठी, ती तर मायलाही ठाऊक असणं शक्य नाही. हे विचारायला मी परत आत गेले नाही. आता वाटतं, जायला हवं होतं.

तुझ्या भावाने तुझ्या संगणकातलं सगळं एका सीडीवर उतरवून मला दिलं. तू खरंच लागली होतीस. कंपायलरमध्ये जिथे जिथे काम संपतं तिथे तिथे तू आकडा लिहायची सूचना घातली आहेस, एकेक करून, हाताने, साठेक ठिकाणी. शेवटची जागा राहिली आहे. काम पूर्ण न होता मधूनच बाहेर पडावं लागतं, तेव्हाची. तिथे तू काही बदललेलं नाहीस. तिथे एक शेरा आहे. तुझ्या आख्ख्या कंपायलरमधला तेवढा एकच. रोमन अक्षरांत लिहिलंस, 'शैलाला विचारणे'.

काय विचारणे, ते लिहिलेलं नाही.

मी ती जागा आठ दिवस वाचते आहे. तिच्या वर आणि खाली काय चाललंय ते मला निम्मं समजतं. मला विचारण्यासारखं त्यात काय आहे, तेच कळत नाही. माझ्या इंटरप्रिटरमध्ये हे कसं होतं हे विचारायचं होतं का? ते तर सोपं आहे, मी एका वाक्यात सांगितलं असतं. इतक्या सोप्यासाठी तू मला विचारलं नसतंस. आणि मला राग येतो, की तू चार शब्द जास्त लिहू शकली नाहीस. मग आठवतं, शब्द जास्त न लिहिण्यात आपल्या दोघींत कोण पुढे होतं.

आता फ्लॉपीच्या जागी ही सीडी माझ्याकडे आहे, म्हणजे आपल्या नियमाप्रमाणे बदल माझा. मी अजून केलेला नाही.

दोघींच्या भागांतून सारखंच उत्तर येतं का, हे बघायच्या आपल्या एकेचाळीस चाचण्या आहेत. माझ्या इंटरप्रिटरवर एकेचाळीस बरोबर येतात. तुझ्या कंपायलरवर चाळीस येतात. पोचा पडलेला डबा घासून माझ्या टेबलावर ठेवला आहे, उद्या मायकडे नेणार आहे.